भारत आणि श्रीलंका, कागद-पुठ्ठ्याची आयात: दोन देशांचे आकडे एका ग्राफवर आणायचे तर

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला भाचीचा व्हॉट्सअॅपवर एक ग्राफ आला आणि खाली एवढंच, "मामा हे बरोबर दिसतंय का". तिच्या एमकॉमच्या प्रोजेक्टचा विषय भारत आणि श्रीलंका, दोन्हीकडची कागद-पुठ्ठ्याची आयात, वीस वर्षांची. ग्राफवर भारताची रेघ म्हणजे सरळ सिंहगडाचा कडा, आणि श्रीलंकेची बिचारी खालच्या अक्षाला चिकटून झोपलेली, इतकी की आधी वाटलं ती अक्षाचीच रेघ आहे. आकडे कुठून घेतलेस विचारलं तर भारताचे वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवरून, लाख रुपयांत, एप्रिल ते मार्च, आणि श्रीलंकेचे दुसरीकडूनच, हजार डॉलरमध्ये, जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही एका शीटमध्ये शेजारी शेजारी चिकटवले आणि इन्सर्ट चार्ट.

मी पुण्यात एका छोट्या प्रेसची कागदखरेदी बघतो, डीलर म्हणतो "साहेब तिकडून मालच कमी येतोय" तेव्हा तो खरं बोलतोय का थापा मारतोय हे बघायला मला हे आकडे अधूनमधून उकरावे लागतात, त्यामुळे यातले बरेच खड्डे पडून झालेत. त्या रात्री तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय. देश तुम्ही दुसरे घेतलेत तरी रीत हीच.

आधी एक ठरवा, तुम्हाला नेमकं कळून काय घ्यायचंय. कारण "आयात वाढली" या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, जास्त टन आले, किंवा टनाचा भाव वाढला, किंवा रुपया पडला, आणि रुपयातला किंमतीचा आकडा या तिघांचा गुणाकार असतो. श्रीलंका हे समजायला फार चांगलं उदाहरण आहे, म्हणून मी तिला विषय बदलू दिला नाही. २०२२ च्या मार्चमध्ये तिथे कागद संपला म्हणजे खरोखर संपला, कोलंबो ज्यात येतं त्या पश्चिम प्रांतात शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलल्या कारण छपाईवाल्यांकडे बाहेरून कागद आणि शाई आणायला डॉलर नव्हते, 'द आयलंड' आणि 'दिवयिन' या दोन पेपरांनी शनिवारचा छापील अंक थांबवला. वालाचेनाई आणि एंबिलिपिटियाच्या जुन्या सरकारी कागद गिरण्या कधीच देशाची गरज भागवण्याच्या स्थितीत राहिलेल्या नव्हत्या, म्हणजे कागद म्हटलं की जहाजच. आता अशा देशाची आयात जर कुठल्या ग्राफवर त्या वर्षी वर जाताना दिसली तर चूक देशाची नसते, ग्राफ काढणाऱ्याची असते. आणि ती चूक होणं किती सोपं आहे ते पुढे दाखवतो.

आता कोड. जगभर कस्टमवाले मालाला एचएस कोड लावतात, त्यात कागद-पुठ्ठा आणि त्यापासून केलेल्या वस्तू म्हणजे प्रकरण ४८. याच्या आत ४८०१ न्यूजप्रिंट म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, ४८०२ आपला साधा लिहायचा-छापायचा कागद, ४८०४ क्राफ्ट म्हणजे पॅकिंगचा मजबूत कागद, ४८१० आर्ट पेपर वगैरे कोटिंगवाले, ४८१९ खोकी आणि कार्टन, ४८२० वह्या-रजिस्टरं. लगदा आणि रद्दी मात्र ४७ मध्ये जातात, छापून तयार झालेली पुस्तकं ४९ मध्ये. हे तीन वेगळे ठेवा, नाहीतर एकाची रद्दी आणि दुसऱ्याची पुस्तकं एकाच पोत्यात.

लोकांना वाटतं ४८ म्हणजे ४८, त्यात काय बदलणार. बदलतं. हे कोड दर चार-पाच वर्षांनी सुधारतात, २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२ अशा आवृत्त्या आहेत, आणि २०१२ च्या आवृत्तीत डायपर आणि सॅनिटरी पॅड ४८१८ मधून उचलून थेट ९६१९ या नव्या कोडात टाकले. म्हणजे त्याआधी बाळांचे डायपर तुमच्या "कागद आयाती"त मोजले जात होते आणि नंतर गायब. तिथे रेघ खाली आली की लोक मंदीची कारणं शोधत बसतात, आणि कारण डायपर! वर दोन्ही देश नवी आवृत्ती एकाच वर्षी लागू करतील असंही नाही, एक आज करेल एक दोन वर्षांनी. उपाय सोपा आहे, त्या-त्या देशाने २०१२ ची आवृत्ती लागू करण्याआधीच्या वर्षांतून ४८१८४० हा सहा आकडी कोड वजा करून टाका, मग पुढचं-मागचं जुळतं. २००७ मध्ये ४८१५ हे कागदी पाया असलेल्या फरशीच्या आच्छादनाचं खातंसुद्धा काढून टाकलं होतं, पण ते एवढंसं, दुर्लक्ष केलं तरी चालेल.

१९८८ च्या मागे जायचं असेल तर एचएस नाहीच, तिथे एसआयटीसी नावाची जुनी पद्धत, त्यात कागदाचं खातं ६४, आणि त्याचे दोन भाग, ६४१ म्हणजे रीळ आणि ताव, ६४२ म्हणजे कापून-चिकटवून केलेल्या वस्तू. साठ सालापासूनची लांब रेघ हवी असेल तर सगळंच एसआयटीसीत काढा, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं जोडू नका.

आकडे कुठून घ्यायचे याचं माझं उत्तर ठरलेलं आहे, दोन्ही देश एकाच ठिकाणाहून. आपल्या मंत्रालयाचं ट्रेडस्टॅट चांगलं आहे, ताजं आहे, पण ते भारताचंच. तुलनेसाठी संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड किंवा एफएओचं, म्हणजे त्यांच्याच अन्न आणि शेती संघटनेचं, एफएओस्टॅट. कॉमट्रेडला लॉगिन करा, फुकट आहे, नाहीतर मोजक्याच ओळी दाखवून गप्प बसतं. एफएओस्टॅटमध्ये वनउत्पादनांच्या विभागात "कागद आणि पुठ्ठा" असं थेट नावच आहे, १९६१ पासून, आणि तिथे किंमत हजार डॉलरमध्ये आणि वजन टनामध्ये दोन्ही मिळतं, जे नवीन माणसाला फार सोयीचं. पण एफएओचा कागद-पुठ्ठा एचएसच्या ४८ पेक्षा आखूड आहे, त्यात खोकी, वह्या, तयार माल बहुतेक येत नाही, तो त्यांनी वेगळा काढलाय. श्रीलंकेसारख्या देशाला हा फरक लागतो. म्हणून कॉमट्रेडचा भारत आणि एफएओची श्रीलंका असलं लग्न लावू नका.

कॉमट्रेडवर निवडायचं असतं ते असं: रिपोर्टर (आकडे नोंदवणारा देश) भारत आणि श्रीलंका, पार्टनर (माल जिथून आला तो देश) फक्त वर्ल्ड, फ्लो (आयात का निर्यात) आयात, कोड ४८, वर्षं सगळी. इथे मी स्वतः एकदा मस्त आपटलोय. पार्टनरमध्ये "सगळे" निवडलं, फाइल आली, एक्सेलमध्ये पिव्होट लावला, बेरीज घेतली, आणि मालकांना सांगितलं की बघा केवढा कागद येतोय. आकडा बरोब्बर दुप्पट होता. कारण फाइलमध्ये चीन, इंडोनेशिया, फिनलंड अशा एकेक ओळी असतातच आणि त्यांच्याबरोबर "वर्ल्ड" नावाची बेरजेची ओळही असते, आणि मी बेरजेची पण बेरीज केली. तसंच कोडचं, ४८ घेतलं आणि ४८०१ पण घेतलं आणि ४८०१०० पण घेतलं तर तोच न्यूजप्रिंट तीनदा मोजला. आकडा नेमका दुप्पट-तिप्पट दिसला की आधी इथे बघा. फाइलमध्ये भारताचा कोड ६९९ दिसेल, श्रीलंकेचा १४४, आणि जुनी वर्षं काढलीत तर १९७४ पर्यंतचा भारत "सिक्कीम सोडून" अशा वेगळ्याच नावाने बसलेला असतो, त्याला शोधून आणावं लागतं. एफएओस्टॅटमध्ये चीन घेणाऱ्यांसाठी पण असाच एक खड्डा आहे, तिथे नुसता "चीन" म्हणजे हाँगकाँग, मकाऊ, तैवान सगळं धरून, आणि "चीन मुख्यभूमी" वेगळा.

मग एकक. कॉमट्रेड डॉलर, एफएओ हजार डॉलर, आपल्याकडे लाख-कोटी रुपये. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे शीटच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवा, रात्री एक वाजता डोकं चालत नाही.

वर्षाचं भांडण त्याहून जास्त त्रासदायक. आपलं २०२१-२२ मार्च २०२२ ला संपतं, आणि श्रीलंकेत तर तेव्हा खरी कळ सुरू झालेली. आपलं २०२१-२२ आणि त्यांचं २०२२ शेजारी ठेवलं तर तुम्ही दोन वेगळे काळ ताडताय. महिन्याचे आकडे मिळत असतील तर भारताचे जानेवारी ते डिसेंबर असे बारा महिने स्वतः जोडून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. तेही नको असेल तर निदान ग्राफखाली लिहा की वर्षं जुळत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी भाचीला वही-पेन घेऊन बसवलं. खालचे आकडे मी समजवायला बनवलेत, कुठल्या देशाचे नाहीत, फक्त डॉलरचे भाव श्रीलंकेचे धरलेत.

समजा पहिल्या वर्षी १,००० टन कागद आला, टनाला ८०० डॉलर. झाले ८ लाख डॉलर. दुसऱ्या वर्षी ७०० टनच आला पण भाव चढून टनाला १,२०० डॉलर झालेला. झाले ८ लाख ४० हजार डॉलर. डॉलरच्या ग्राफवर आयात ५ टक्क्यांनी वाढली! आणि गोदामात ३०० टन कागद कमी. आता हेच तिथल्या रुपयात करा. २०२२ च्या सुरुवातीला तिकडे एक डॉलर साधारण २०० श्रीलंकन रुपये होता, मार्चमध्ये रुपया मोकळा सोडला आणि मे पर्यंत ३६० च्या आसपास गेला. पहिल्या वर्षाचे झाले १६ कोटी रुपये, दुसऱ्याचे ३० कोटी २४ लाख. रुपयाच्या ग्राफवर आयात जवळजवळ दुप्पट. तोच माल, तीच दोन वर्षं, एक ग्राफ म्हणतो दुप्पट, दुसरा म्हणतो किंचित वाढ, आणि वजनाचा काटा म्हणतो ३० टक्के घट. भाची दोन मिनिटं गप्पच होती, मग म्हणाली "मग मी कुठला लावू". तिन्ही लाव. निदान डॉलर आणि टन हे दोन लावच.

आपल्याकडेही हे काय कमी झालंय का, ६ जून १९६६ ला डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातवर नेला, जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रुपया खाली आणला. रुपयातली लांब रेघ काढलीत तर त्या वर्षांजवळ ती उडी मारते आणि माणसं लिहितात की उदारीकरणानंतर लगेच कागदाची आयात वाढली. असेलही वाढली, पण ते रुपयाच्या रेघेवरून नाही कळत. तुलना डॉलरमध्येच करा. आणि डॉलरची पण किंमत घटते, अमेरिकेतल्या महागाईच्या हिशोबाने १९९० चा एक डॉलर म्हणजे २०२० चे जवळजवळ दोन, तेव्हा तीस वर्षांत आयात "दुप्पट" झाली असेल तर खरं म्हणजे जागेवरच उभी आहे. वीस-तीस वर्षांचा ग्राफ असेल तर महागाई काढून टाकलेली एक रेघ वेगळी लावा, पाच वर्षांचा असेल तर नाही लावली तरी चालतं.

किंमतीला वजनाने भागलं की टनाचा सरासरी भाव निघतो, शीटमध्ये एक कॉलम वाढवा, बास. हा कॉलम मला सगळ्यात आवडतो कारण चोरी इथेच पकडली जाते. एखाद्या वर्षी अचानक टनाला ८,००० डॉलर दिसले तर कोणीतरी वजन चुकीचं टाकलंय, एखादं शून्य गळालंय, ते वर्ष बाजूला ठेवा. आणि खराच भाव चढला असेल तर कारण शोधा. २०२१-२२ चं कारण आमच्यासारख्यांना पाठ आहे. आयातीची किंमत सीआयएफ असते, म्हणजे मालाची किंमत अधिक विमा अधिक जहाजाचं भाडं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये चाळीस फुटी कंटेनरचं जागतिक सरासरी भाडं १० हजार डॉलरच्या वर गेलेलं. कागद तेवढाच, भाड्याने किंमत फुगलेली. त्यात २०२२ उजाडल्या उजाडल्या फिनलंडच्या यूपीएम या कागद कंपनीमध्ये संप सुरू झाला तो एप्रिलपर्यंत चालला, मग युक्रेनचं युद्ध, आणि आपला न्यूजप्रिंट बराचसा रशिया आणि कॅनडातून येणारा. त्या दिवसांत आमचा डीलर कोटेशनखाली पेनाने लिहायचा, "भाव आजचाच". सकाळी विचारलेला आर्ट पेपर संध्याकाळी तीन रुपयांनी वर. असल्या वर्षात किंमतीची रेघ बघून "मागणी वाढली" असं लिहिणाऱ्याने एकदा प्रेसमध्ये येऊन बसावं.

करांच्या तारखाही बाजूला लिहून ठेवा, रेघ का वाकली ते कळतं. जुलै २०१९ च्या बजेटमध्ये न्यूजप्रिंटवर १० टक्के आयातशुल्क लावलं, फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ वर आणलं. ऑक्टोबर २०२२ पासून कागद आयात करायला आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. श्रीलंकेच्या बाजूला २००९, यादवी युद्ध संपलं, आणि एप्रिल २०२२, परदेशी कर्जफेड थांबवली.

दोन देश आकाराने असे विषम असले की नुसते आकडे एका ग्राफवर लावून काही दिसत नाही. लोक मग डावीकडे एक अक्ष उजवीकडे दुसरा असं करतात, माझा त्याला विरोध आहे, कारण अक्ष ओढून-ताणून तुम्ही दोन रेघा हव्या तिथे एकमेकींना कापायला लावू शकता. त्यापेक्षा पायाभूत वर्ष १०० धरून निर्देशांक काढा, प्रत्येक वर्षाचा आकडा भागिले पायाच्या वर्षाचा आकडा गुणिले १००, मग भारत आणि श्रीलंका दोघंही १०० पासून निघतात आणि कोण कसं चाललं ते दिसतं. पायाचं वर्ष मात्र २०२० घेऊ नका. तेव्हा शाळा बंद, मुंबईत तर मार्चअखेर काही दिवस पेपरच आले नाहीत, एवढ्या खड्ड्यातून मोजलं तर पुढचं सगळं डोंगर दिसणार. मी २०१७ ते २०१९ ची सरासरी १०० धरतो. दुसरी रीत माणशी किती, २०२२ मध्ये आपण साधारण १४२ कोटी आणि ते २ कोटी २० लाख, म्हणजे चौसष्टपट फरक, तेवढ्याने भागलं की झोपलेली रेघ उठून बसते.

वार्षिक वाढीचा दर काढायचा तर शेवटचा आकडा भागिले पहिला, जितकी वर्षं तितकावं त्याचं मूळ (दहा वर्षं तर दहावं मूळ), वजा १. १०० चे दहा वर्षांत २०० झाले तर वर्षाला ७.१८ टक्के, १० टक्के नाही. पण सुरुवातीचं किंवा शेवटचं वर्ष २०२० किंवा २०२२ असेल तर हा दर देऊच नका.

मध्ये एखादं वर्ष रिकामं असेल तर दोन्ही बाजूंची सरासरी टाकून भोक बुजवू नका. उलटीकडून बघा, जगातल्या सगळ्या देशांनी त्या वर्षी श्रीलंकेला किती कागद निर्यात केला ते कॉमट्रेडवरच मिळतं, त्याची बेरीज करा. निर्यातीच्या आकड्यात भाडं-विमा नसतो म्हणून तो कमी दिसणार, आयएमएफ अशा वेळी ६ टक्के धरतं, तुम्हीही तेवढे वाढवा आणि ती ओळ वेगळ्या रंगात ठेवा. ही पद्धत एका भरलेल्या वर्षावर आधी करून बघायची, भारताने नोंदवलेली श्रीलंकेला निर्यात आणि श्रीलंकेने नोंदवलेली भारतातून आयात, किती जुळतंय ते कळतं. या दोघांत ते बघण्यासारखंही आहे, भारताने २०२२ मध्ये दिलेल्या एक अब्ज डॉलरच्या उधारीतूनच पुढच्या वर्षीच्या त्यांच्या शाळेच्या पुस्तकांचा काही कागद गेलाय.

एवढं सगळं करून भाचीने आठवड्याने नवा ग्राफ पाठवला, डॉलरचा एक, टनाचा एक, टनाच्या भावाचा एक, खाली बारीक अक्षरात कोड, स्रोत, डाउनलोड केल्याची तारीख. तारीख लिहाच, कारण हे लोक जुने आकडे मागाहून सुधारतात. बघून मी विचारलं, रद्दी कुठेय? तर म्हणाली तुम्हीच म्हणालात ४७ वेगळं ठेवा. वेगळं ठेव म्हणालो, फेकून दे नाही! वापी, मुझफ्फरनगरच्या कितीतरी गिरण्या रद्दीवर चालतात आणि त्यातली बरीच बाहेरून कंटेनरने येते, म्हणजे आपण कागद आयात करतो तो अर्धवट रद्दीच्या रूपाने, ४७०७ या कोडात, आणि श्रीलंका आणते तो तयार ताव. नुसतं ४८ बघून भारत किती स्वावलंबी असं लिहिलंस तर परीक्षक विचारेल. चीनचं तर याहून मजेशीर आहे, २०१८ पासून त्यांनी मिश्र रद्दी घेणं बंद केलं आणि २०२१ पासून सगळीच, आणि गिरण्यांना कच्चा माल कमी पडल्यावर बाहेरून तयार पुठ्ठा आणायची वेळ आली, म्हणजे ४७ खाली आणि ४८ वर.

"मग अजून एक ग्राफ?" अजून एक. ४७०७, दोन्ही देश, टनामध्ये. तिने अंगठा पाठवला, आणि पाच मिनिटांनी मेसेज, "मामा पार्टनरमध्ये वर्ल्ड एकटंच ना?"